शेततळ्यावरचा समुद्रराक्षस

मी एक जुना समुद्रराक्षस आहे, मित्रांनो, पण दचकू नका. उंचीने मी जेमतेम वीतभर. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःच फार भित्रा आहे.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून निघालो तेव्हा नुसता राखाडी गोळा होतो. मग कुणीतरी बारीक कुंचल्याने माझ्या ऑक्टोपससारख्या आठही हातांवरच्या इवल्या इवल्या वाट्या रंगवल्या, जबड्यात दात रेखले, पाठीवर शिंपले चिकटवले. माझ्या काखेत तर एक खेकडा दडवला, मसुराच्या दाण्याएवढा. तो सहसा कुणाला दिसत नाही. अशी कलाकुसर अंगावर असली की थोडी मिजास येतेच.

मला मागवलं शहबाजने. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात तो कामाला होता. पाळी संपवून खोलीवर आला की हातपाय धुऊन आधी माझ्याकडे यायचा. मऊ ब्रशने माझी धूळ झटकायचा, हात वाकवून बघायचा, मोबाइलचा उजेड पाडून माझे दात न्याहाळायचा. मित्र आले की बजावायचा, "नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय." ते "नादच खुळा!" म्हणायचे आणि मी मनातून फुलून जायचो. किती सुखाचे दिवस होते ते!

शहबाजची बहीण जरिना निमगाव केतकीला राहते. तिचा नवरा खाजा याची तिथे डाळिंबाची बाग आहे. बागेला पाणी पुरावं म्हणून त्याने नुकतंच शेततळं केलं होतं. शेततळं म्हणजे जमिनीत खणलेला मोठा खोल हौद. पाणी मुरू नये म्हणून त्याच्या उतारावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो इतका गुळगुळीत, की पाय ठरत नाही.

ईदला शहबाज मला भाचीला दाखवायला घेऊन गेला. भाचीचं नाव रुक्सार, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. मला पाहताच तिने किंकाळी फोडली आणि आईच्या ओढणीत तोंड लपवलं. शहबाज ओशाळला. खाजाचे डोळे मात्र चमकले.

"शहबाज, ह्ये ध्यान हितंच ठिवून जा," तो म्हणाला. "तळ्यावर बांधतो. पोरगी भिऊन तिकडं फिरकायची न्हाय."

"दाजी, त्यापरीस कुंपण घाला की."

"घालायचंय की! पुढच्या बहाराला घालू. तवर ह्यो हाय राखणीला."

बहिणीच्या दारात शहबाजला नाही म्हणवेना. त्याने माझ्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं आणि तो निघून गेला. त्याच दिवशी काठावरच्या लोखंडी खांबाला तारेने करकचून बांधलेला मी खाली बघत होतो. खाली काळंभोर पाणी होतं.

मित्रांनो, त्या पाण्याची मला पहिल्यापासून धास्ती होती. एका दुपारी एक तहानलेलं कुत्रं उतारावरून खाली घसरलं. ते पोहत होतं, पण वर चढता येईना. कागदावर नखं मारायचं आणि पुन्हा पाण्यात जायचं. बराच वेळ तो खरखर आवाज येत राहिला, मग थांबला. खाजाने ते काठीने ओढून बाहेर काढलं, पुरलं आणि घरात सांगितलं, "पोरीला कळू देऊ नगा." तेव्हापासून वाऱ्याने कागद वाजला तरी माझा थरकाप उडायचा.

रुक्सार सुरुवातीला बांधावरूनच पळून जायची. खाजा खुशीत होता. पण भीती काय, रोज बघितली की ओळखीची होते. ती लांबून बघू लागली. मग जवळून बघू लागली. एके दिवशी माझ्या काखेतला खेकडा तिला दिसला आणि ती टाळ्या पिटत हसली! तिला घाबरवायला मला बांधलं होतं आणि माझ्याचसाठी ती तळ्यावर येऊ लागली होती. डाळिंबाचे दाणे माझ्या जबड्यात ठेवायची, "खा की रं," म्हणायची. इतकं प्रेमाने मला शहबाजनंतर कुणीच पाहिलं नव्हतं. तरी मनात मी ओरडत होतो, "नको येऊस गं पोरी, माघारी जा!" प्लास्टिकच्या तोंडातून आवाज कसा निघणार?

उन्हाने माझे रंग उडाले, अंग ठिसूळ झालं. एका सकाळी वावटळ आली आणि माझा एक हात तुटून उतारावर पडला. थोड्या वेळाने रुक्सार आली. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं.

"थांब हां, तुझा हात आणून देते," ती म्हणाली.

चपला काठावर काढून ती उतारावर बसली. पुढच्याच क्षणी ती पाण्यात होती. एकही किंकाळी आली नाही. बुडणारं पोर ओरडत नाही, मित्रांनो, हे मला त्या दिवशी कळलं. मोटारीच्या शेवाळलेल्या पाइपाला तिने मिठी मारली होती आणि ती मिठी निसटत होती.

बागेत काम करणाऱ्या कुशाबाई मोटार चालू करायला आल्या. त्यांना आधी चपला दिसल्या.

"आगं बया! पोर पाण्यात! धावा रं, कुणीतरी धावा!"

बागेतून कुणी येईना. अंगात कामाचा सदरा होता, लाज बाजूला ठेवून त्यांनी नेसलेलं लुगडं फेडलं. एक टोक माझ्या खांबाला बांधलं, दुसरं मनगटाला गुंडाळलं आणि त्या उतारावर घसरत गेल्या. खांब करकरला. वाकू लागला. हा उपटला तर दोघीही जातील, या विचाराने माझं काळीज गोठलं. पण खांब टिकला. कुशाबाईंनी पोरीला दंडाला धरून ओढलं आणि तिला छातीशी घेऊन, लुगडं हातात आवळत, गुडघ्यांवर वर आल्या.

खाजा धावत आला तेव्हा रुक्सार पाणी ओकत होती. तिला मांडीवर पालथी घेऊन तो तिची पाठ चोळू लागला. कुशाबाई धापा टाकत म्हणाल्या, "खाजाभाई, बाहुलं बांधाया येळ हुता तुमास्नी. कुंपण बांधाया न्हवता व्हय?"



आता तळ्याला जाळीचं कुंपण आहे, आत दोर आणि फुगवलेल्या ट्यूबा सोडल्या आहेत. मला घरातल्या फळीवर ठेवलं आहे. पण रुक्सार माझ्याकडे बघत नाही. अंघोळीची बादली भरायला लागली तरी ती रडते, आणि खाजा तिला मांडीवर घेऊन तांब्या तांब्याने पाणी घालतो. मित्रांनो, घरच्या मोठ्या माणसांना माझं एवढं सांगा: मुलांच्या राखणीला भीती ठेवू नका. तळ्याला कुंपण आजच घाला.