उतार

वेधशाळेच्या ओसरीवर रोज सकाळी त्या दिवसाची हवा येऊन बसायची. कधी ओल्या केसांनी, कधी धापा टाकत. उर्मिला टिळेकर तिला पाणी द्यायची, अंगाला हात लावून बघायची, वाऱ्याचं विचारायची आणि कड्याखालच्या गावाला कळवायची. संध्याकाळी हवा उठून मागच्या खोलीत जायची. ती कधी परत येत नसे.

त्यामुळे मागची खोली लांबत चालली होती आणि ओसरी आखडत होती. आता बसलं की उर्मिलेचे गुडघे हवेच्या गुडघ्यांना लागत.

"मला आत जायचंय," ती वेधशाळाप्रमुख भागवतसरांना म्हणाली. "हवा पुष्कळ बघितली. आता हवामान बघते."

"इथे विचारलं की उत्तर मिळतं. आत कुणाला विचारणार?"

"कुणालाच नाही. चालून बघणार."

सर अंग चोरून बाजूला झाले.

आत दोन्ही भिंतींशी बाकांवर गेलेल्या हवा बसल्या होत्या, दाराशी जुन्या, पुढे नव्या. एका कुडकुडत्या हवेने तिचा पदर धरला. "बाई, मी केवढी गार आहे बघा! लोक उगाच उकाड्याचं बोलतात."

"खोटारडी!" समोरची तापलेली हवा ओरडली. "माझ्या कपाळाला हात लावा."

"दोघीही खऱ्या आहात," उर्मिला म्हणाली आणि पदर सोडवून पुढे निघाली.

बराच वेळ जमीन सपाटच वाटत होती. मग तिची पावलं आपोआप झपझप पडू लागली. तिने वाकून पेन्सिल फरशीवर ठेवली. पेन्सिल घरंगळत दिसेनाशी झाली.

"खोली कलतेय," ती मोठ्याने म्हणाली. "कुणालाच कळलं नाही?"

"आमचं बाक तर सरळ आहे," सगळ्या एकदम म्हणाल्या.

शेवटची भिंत बाहेरच्या बाजूला फुगली होती. पलीकडे कडा होता आणि कड्याखाली गाव. मागे, फार वर, दार उघडलं आणि आजची हवा जागा शोधत आत आली.

"टिळेकर, परत या!" सरांची हाक आली. "नंतर चढता येणार नाही!"

"गाव रिकामं करायला सांगा, सर! आणि मग तुम्हीही इकडे या. एकटीच्याने रेटणार नाही!"

तिने पदर खोचला, पाठ भिंतीला लावली आणि दोन्ही पाय शेवटच्या बाकाला रोवले. आजची हवा उतरत आली आणि त्याच बाकावर अगदी हलकेच टेकली. सगळी बाकं एकदम करकरली आणि उर्मिलेच्या दिशेने सरकू लागली, त्यांच्यावर मांडीवर हात ठेवून, सरळ समोर बघत बसलेल्या हवांसकट.