ज्याचं पाणी, त्याचे हात

शेजारच्या वेन्डेल प्रॅदरच्या हिरवळीवरचा फवारा सकाळी एकदा आणि उन्हं कलताना एकदा आपोआप सुरू व्हायचा. गरगर फिरत आपल्या गवताला पाजायचा आणि उरलेलं पाणी बुटक्या मातीच्या भिंतीवरून डेल्फिनाच्या अंगणात, थेट तिच्या गाडीच्या काचांवर फेकायचा. विहिरीचं ते पाणी चुन्यानं जड. उडायचं, वाळायचं, पुन्हा उडायचं. वर्षभरात काचांवर पांढरी पुटं अशी चढली की गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखा वाटावा.

गाडी तिच्या नवऱ्याची, ओनेसिमोची. चौसष्ट सालची इम्पाला, चेरीसारखी लाल, पोट जमिनीला टेकवून चालणारी. मागच्या ईस्टरनंतर ओनेसिमो गेला, आणि गाडी त्यानं शेवटची उभी केली तिथंच उभी राहिली. या ईस्टरच्या रविवारी खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या गाड्यांची संथ फेरी निघायची होती. फेरीत पहिला मान वर्षभरात गेलेल्या माणसाच्या गाडीला, असा तिथला रिवाज. गाडी डेल्फिनाच चालवणार होती. पण आंधळ्या गाडीनं पुढं कसं व्हायचं?

धाकटा दीर क्रिस्पिन म्हणाला होता, "वहिनी, कशाला जीव काढतेस? भंगारवाल्याकडे या गाडीच्या काचा पडल्यात. एका दुपारचं काम."

डेल्फिनानं त्याचा दंड धरून त्याला पुढच्या दारापाशी नेलं आणि तिकोनी काचेवर बोट ठेवलं. डागांखाली बारीक सुईनं कोरलेली गुलखेऱ्याची काडी होती. खोऱ्यातल्या प्रत्येक मातीच्या भिंतीला टेकून उभी असते तशी, कळ्यांपासून फुलांपर्यंत. लग्नाच्या वर्षी ओनेसिमोनं ती कोरली होती, इतक्या हलक्या हातानं की उन्हाशी तिरकं बसल्याशिवाय दिसू नये. मित्र हसले होते, दिसतच नाही तर कोरलंस कशाला म्हणून. त्यानं सांगितलं होतं, ती बसते तिथून दिसलं की झालं.

क्रिस्पिननं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. काचेचा विषय त्यानं परत काढला नाही.

वेन्डेलला डेल्फिनानं आधी गोडीत सांगितलं, मग स्पष्ट सांगितलं, मग अंगणातून ओरडून सांगितलं. तो लांबच्या ओल्या मुलखातून घर बांधून राहायला आलेला, वागायला सभ्य. दरवेळी हसून तो एकच म्हणायचा, "अहो, पाणीच आहे ते." वर सुचवायचा की गाडी जरा पलीकडे लावा. स्वतःच्या अंगणात, नवऱ्यानं लावलेल्या जागेवरून, त्याच्या गवतासाठी तिनं गाडी हलवायची! जिथं पाटाचं पाणी पाळीनं घेतात आणि ओंजळभर पाण्यावरून भाऊ भावाशी अबोला धरतात, तिथं हा माणूस पाणी हवेत उधळत होता आणि तिलाच सरक म्हणत होता.

गुरुवारी भिंतीवर एक बाटली दिसली. सोबत वेन्डेलचा निरोप, की हे लावा, क्षणात डाग जातील. क्रिस्पिननं झाकण उघडून वास घेतला आणि बाटली लांब धरली. चाकांवरचा गंज खाणारं ते तेजाब. डागाबरोबर काचही खाल्ली असती, आणि काचेबरोबर फूल. डेल्फिनानं बाटली उचलून भिंतीपलीकडे, त्याच्या हिरवळीच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवली.

मग ती स्वतःच कामाला लागली. ओनेसिमोचे जुने बनियन फाडून तिनं चिंध्या केल्या, कोमट व्हिनेगरमध्ये भिजवल्या आणि एकेका काचेवर, तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा ठेवल्या. वारा सुकवील आणि फवारा भिजवील म्हणून वर प्लास्टिक. पुट मऊ पडलं की केसासारख्या बारीक लोखंडी तारांची घासणी ओली करून, दाब न देता, गोल गोल. घासताना ओठांवर पाट उपसायच्या दिवसांतलं गाणं आलं. बाया ते गुणगुणत पुरुषांना भाकरी नेतात:

पाणी माझ्या पाळीचं, गेलं तुझ्या गं रानात,
फावडं माझ्या खांद्यावरी, बांध घालीन उन्हात.

शनिवारी दुपारपर्यंत गाडी डोळे उघडून बघू लागली. पुढची काच, मागची, दारांच्या. शेवटी तिकोनी. तिच्यावरची चिंधी डेल्फिनानं अलगद उचलली. काच आरपार लख्ख झाली होती. पण फुलाच्या रेघांत चुना तसाच बसलेला. नाजूक गुलखेरा पांढराफेक दिसत होता, दुकानाच्या पाटीसारखा, रस्त्यावरूनही वाचता यावा असा.

तेवढ्यात भिंतीवरून वेन्डेल डोकावला. त्याचा चेहरा खुलला. "अरे वा! फूल आहे होय तिथं? बघा, माझ्या पाण्यानं उलट उठून दिसतंय. आभार मानायला हवेत तुम्ही माझे."

डेल्फिनानं हातातली चिंधी बादलीत टाकली. ती भिंतीपाशी आली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच क्रिस्पिन दोन पावलं मागं सरला.

"प्रॅदर साहेब, ते फूल उठून दिसायला कोरलेलं नाही. कोरणारा मेलाय, त्याला पुन्हा विचारता येत नाही. तुम्ही वर्षभर माझ्या माणसाच्या कामावर चुना फासलात आणि आता त्याला सजावट म्हणताय. या खोऱ्यात कुणाच्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या रानात फुटलं, तर तो पैसे पाठवत नाही, बाटलीही पाठवत नाही. स्वतः फावडं घेऊन येतो. ज्याचं पाणी, त्याचे हात. या इकडं."

वेन्डेलनं क्रिस्पिनकडे बघितलं. क्रिस्पिन म्हणाला, "माझ्या आजोबालाही जावं लागलं होतं, साहेब. चिखल गुडघाभर होता. तुमचं बरं आहे, दातांच्या ब्रशवर भागतंय."

वेन्डेल फाटकातून आला. गुडघे टेकून बसला. डेल्फिना कडेला उभी राहून एकेक रेघ दाखवत होती: देठ, पान, मिटलेली कळी. मऊ ब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून तो रेघ रेघ मोकळी करत होता. हळूहळू फूल मावळलं. शेवटची पाकळी गेली तसा तो घाबरून मागं सरकला. "बाई, पुसलं बहुतेक मी. काहीच उरलं नाही."

डेल्फिना गाडीत, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. उन्हं कलली होती. तिनं मान जराशी तिरकी केली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

नेमका तेव्हाच पलीकडे फवारा फुरफुरला. पहिली धार भिंत ओलांडणार, तोच वेन्डेल उठला आणि हात पसरून काचेच्या आडवा उभा राहिला. पाणी त्याच्या तोंडावर, छातीवर, चष्म्यावर. क्रिस्पिन भिंतीवरून उडी मारून नळ बंद करायला धावला. गाडीवर थेंब पडला नाही.

तिथला वसंतातला वारा पाणी टिकू देत नाही. क्रिस्पिन परत येईतो वेन्डेलचा शर्ट सुकायला लागला होता, आणि चष्म्याच्या दोन्ही भिंगांवर पांढरे ठिपके धरले होते. त्यानं ते सदऱ्याच्या टोकानं पुसले. जाईनात. पुन्हा पुसले.

"डेल्फिनाबाई," तो चाचपडत म्हणाला, "मला नीट दिसत नाहीये."

डेल्फिनानं गाडीतून मान वळवली नाही.

"पाणीच आहे ते," ती म्हणाली. "बादलीत अजून चिंध्या आहेत."