ओल्या तांदळाला लागलेला हात

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की बाकीची गावं सुटल्यासारखी निवांत होतात. तिरोडा तालुक्यातलं आहे, चहूकडे धानाच्या बांध्या आहेत, एवढं पुरे.

२०१४ सालच्या फेब्रुवारीतला बुधवार होता. गोंदियातल्या एका छोट्या कंपनीच्या कार्यालयात रश्मी शहारे संगणकावर बसून आपल्या आईला तांदूळ धुवायला लावत होती. या कंपनीत संगणकावरून शिकायचे पाठ बनत. त्यासाठी खास सॉफ्टवेअर होतं. एकेका पडद्यावर चित्र, आवाज, प्रश्न मांडायचे आणि कुठे क्लिक केलं की काय घडेल ते ठरवून द्यायचं. उत्तर चुकलं तर तांबडी फुली, बरोबर आलं तर हिरवी खूण. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, अशी कडीही लावता यायची.

हा पाठ शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी होता. सॉफ्टवेअरबरोबर आलेली तयार पात्रं म्हणजे सगळ्या कोट घातलेल्या गोऱ्या मडमा. त्यांच्या हाती खिचडीचा झारा देणं म्हणजे पोरखेळ. म्हणून रश्मीनं रविवारी घरामागच्या अंगणात पांढरी चादर टांगली आणि आईला, भागीरथाबाईला, उभं करून बावीस फोटो काढले. धुताना, ढवळताना, वाढताना.

"मले काऊन व? सैपाक तं शकुंतलाबाई करतेत," भागीरथा म्हणाली होती.

"तू बी शाळेतच काम करते ना माय."

"मले कुठी शिजवू देतेत!" ती हसली होती. पण पदर नीट केला होता.

सहा वर्षं ती त्या शाळेत मदतनीस होती. अंगण झाडायचं, सरपण फोडायचं, तांदूळ पाखडायचा, निवडायचा. मात्र तांदळात पाणी पडलं की तिनं उठायचं आणि उंबऱ्याबाहेर जायचं. सुकं चालतं, ओलं चालत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कुणी खोडतही नव्हतं. रोवणीच्या दिवसांत हीच भागीरथा गावचे पाटील यादोराव यांच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून तोच धान लावायची, तेव्हा ते ओलं कुणाला बाधत नव्हतं. कापणीत विळ्यानं तिच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं, धानावर रक्त सांडलं. ते धान यादोरावांच्या घरानं वर्षभर खाल्लं. कुणाचंही पोट दुखलं नाही.

दुपारी मालक चंद्रशेखर सर रश्मीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"रश्मी, ये फोटो नहीं चलेगा."

"कोणता सर?"

"मम्मीवाला. यादोरावजींना नमुना पाठवला होता ना, त्यांचा फोन आला. पहला प्रोग्राम उन्हीं के स्कूल में है, वो समिती के अध्यक्ष हैं. झगडा नको आपल्याला."

"त्यात झगडा कसला? आई तिथंच काम करते."

"तू समझती नहीं. बाकी सब बढिया आहे. हात राहू दे, हात एकदम क्लिअर आले आहेत. फक्त चेहरा बदल. शकुंतलाबाईंचा फोटो मेल केला आहे."

रश्मीला क्षणभर नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "हात माझ्या आईचे आणि चेहरा त्यांचा?"

"कौन देखता है!" सर हसले, मग आवाज खाली आणला. "देख, जून में समिती फिर से नाम डालती है. यादोरावजी बोलले, मदतनीस ढीगभर मिळतात. तुझ्यासाठीच सांगतो आहे."

इथे रश्मीची बाजू घ्यावी असं मलाही फार वाटतं, पण घेता येत नाही. तिनं चेहरा बदलला. बावीस वेळा आईची मान कापली, बावीस वेळा दुसरं डोकं बसवलं. सगळे प्रश्न, खुणा, आवाज जागच्या जागी राहिले. संध्याकाळच्या आत काम संपलं. जुनी फाईल तेवढी तिनं पुसली नाही, वेगळ्या नावानं ठेवून दिली. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

शुक्रवारी घरी भागीरथानं पेटीतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं होतं.

"उद्या माहा फोटो भितीवर दिसन ना व? अख्ख्या भितीयेवढा?"

"हो माय," रश्मी म्हणाली आणि हात धुवायला उठली.

शनिवारी सकाळची शाळा. आजूबाजूच्या गावांतल्या तीस स्वयंपाकी बाया वर्गात सतरंजीवर बसल्या होत्या. खुर्च्यांवर यादोराव आणि चंद्रशेखर सर. शकुंतलाबाई अगदी पुढे, नवं पातळ नेसून. भागीरथा हिरव्या लुगड्यात दाराबाहेर, पुढ्यात तांदळाचं सूप. पाठ संपला की पोरं आणि पाहुण्या बाया मिळून भात-वरण जेवणार होत्या, तो तांदूळ ती निवडत होती. तिथून भिंत नीट दिसत होती.

दिवे घालवले. रश्मीनं पाठ सुरू केला. तिसऱ्या पडद्यावर अख्ख्या भिंतीएवढी शकुंतलाबाई आली आणि तांदूळ धुवायला लागली.

"अव बाई, शकुंतला!" बायांनी टाळ्या पिटल्या. शकुंतलाबाई लाजली.

भागीरथाचे हात सुपात थांबले. ती उठून उंबऱ्याशी आली. भिंतीवर पाण्यात बुडालेला डावा हात होता, आणि त्याची करंगळी अर्धी होती.

"रश्मे," ती म्हणाली, "हा हात माहा होय."

टाळ्या थांबल्या. बायांनी भिंतीकडे पाहिलं, मग भागीरथाच्या हाताकडे, मग शकुंतलाबाईकडे. शकुंतलाबाईनं आपली धडधाकट करंगळी पदराखाली घेतली.

"भागीरथे, बाहेर बस," यादोराव म्हणाले. "कार्यक्रम चालून राह्यला, दिसत नाही काय?"

"दिसते ना. म्हनूनच इचारून राहिली. माहा हात चालते अन् तोंड काऊन नाही चालत?"

"लय बोलाले लागली तू! आपली पायरी पाहून राह्य. जूनमध्ये पाहतो तुले."

भागीरथानं लेकीकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या पाहण्यात राग असता तर रश्मीला सोसला असता. "तुनं केलं काय हे?" एवढंच तिनं विचारलं. शरमेनं रश्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भागीरथा वळली. निवडलेल्या तांदळाचं सूप उचललं, शेजारच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेली आणि तिनं तांदूळ भाताच्या मोठ्या गंजात ओतला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यावर स्वतः बादलीभर पाणी घातलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

"बाटवलं! बाटवलं व बाई!" शकुंतलाबाई दारात येऊन किंचाळली.

"फेकून द्या तो तांदूळ!" यादोराव उठले. "पोट्टेहो, घरी जा रे सारे. आज खाना नाही."

"फेकाले त्याले हात लावा लागन ना पाटील," भागीरथा आतून म्हणाली. "कोन लावते, या."

कुणी पुढे आलं नाही. बाटलेल्याला हात कोण लावणार? आपल्याच नियमात यादोराव असे अडकले, की दारात उभं राहून शिव्या देण्यापलीकडे त्यांना काही करता येईना. आणि शिव्या त्यांनी दिल्या. त्या इथे छापण्यासारख्या नाहीत. जातीचं नाव घेऊन दिल्या, तीस बायांसमोर, शाळेच्या व्हरांड्यात, पोरांच्या देखत. गुरुजी हजेरीपटात तोंड घालून बसले होते.

वर्गात रश्मीनं चालू पाठ बंद केला. जुनी फाईल उघडली. भिंतीवर भागीरथा आली, स्वतःच्या हातांसकट, स्वतःच्या चेहऱ्यासकट.

"बंद कर वो," चंद्रशेखर सर दात आवळून म्हणाले. "नौकरी जाएगी तेरी."

"जाऊ द्या."

"पागल हो गई क्या?"

"बुधवारी झाली होती सर. तेव्हा तुम्हाला शहाणी वाटली."

तिनं त्याच फाईलमध्ये शेवटी एक नवा पडदा जोडला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भिंतीवर एकेक अक्षर उमटत गेलं: 'हा भात तुम्ही खाल का?' खाली दोन चौकोन. हो. नाही. आणि 'पुढे'च्या बटणाला तिनं कडी लावली.

चंद्रशेखर सरांना एकाएकी आपला उपास आठवला आणि ते गाडीकडे गेले. फाटकाशी गोळा झालेल्या आयांनी पोरांचे दंड धरून त्यांना ओढत नेलं. स्वयंपाकी बायांपैकी कुणाची बस होती, कुणाच्या घरी आजारपण होतं. भागीरथानं चुलीवर चढवलेल्या भाताला वाफ धरेपर्यंत वर्ग रिकामा झाला. यादोराव शिव्या देतच फाटकाबाहेर पडले, शकुंतलाबाई जाताना थुंकून गेली.

रश्मी ताट घेऊन आईसमोर बसली. "माय, माझं चुकलं," ती म्हणाली आणि रडली.

"रडाचं तं मंग रड. पयले खा," भागीरथानं तिच्या ताटात भात वाढला. जूनमध्ये काय होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. भागीरथाचं नाव जाणार होतं, रश्मीची नोकरी तर गेलीच होती. तरीही भागीरथानं त्या दिवशी ठरवून टाकलं होतं, की या शाळेत असेन तोवर जो हात तांदूळ निवडतो, तोच तो धुणार.

तेव्हा दारात कुणीतरी चपला काढल्या. त्या स्वयंपाकी बायांतली, शेजारच्या गावची शामकला. तिच्या गावच्या शाळेतही एक मदतनीस होती, आणि तिथेही तांदळात पाणी घालायच्या आधी शामकलाच तिला बाहेर जायला सांगायची. ती ताट घेऊन समोर येऊन बसली. भागीरथानं तिला वाढलं. शामकलानं भात कालवला, घास उचलला आणि हात अर्ध्यावर थांबला. तो वरही जाईना, खालीही येईना. तिचे डोळे भरून आले होते.

मधल्या उघड्या दारातून वर्गाची भिंत दिसत होती. प्रश्न तसाच होता, दोन्ही चौकोन कोरे होते आणि 'पुढे'चं बटण बंद होतं.

"खा व बाई," भागीरथा म्हणाली, "थंडा होऊन राह्यला."