काजळीखालचे नाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. त्याच्याशी माझे नातेगोते नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात स्वयंपाकाच्या मोठ्या, रुंद तोंडाच्या भांड्याला गंज म्हणतात. लपंडाव खेळताना दोन पोरे माझ्या पोटात सहज मावतात. माझ्या दोन्ही बाजूंना जाड कड्या आहेत, आणि गळ्याखाली एक नाव कोरलेले आहे. ते नाव आज तुम्हाला वाचता येणार नाही. का, तेच सांगायला बसलो आहे.

जुनी भांडी मायाळू असतात, सगळ्यांना क्षमा करतात, असे तुम्ही ऐकले असेल. मी तसा नाही. माझे एका माणसाने वाईट केले. मी ते पोटात ठेवले आणि वेळ येताच पुरेपूर फेडले. मला त्याचा आजही आनंद होतो.

माझा जन्म भंडाऱ्याच्या कासारआळीत झाला, पण माझे पितळ तिथले नव्हे. ते धाम नदीच्या काठच्या आमच्या गावाचे. पवनारच्या वरच्या अंगाला आमचे गाव आहे. तिथे दर कार्तिकात सारा गाव नदीपलीकडच्या आवळीबनात जेवायला जाई. एवढ्या लोकांना पुरेल असे भांडे गावात नव्हते. म्हणून घरोघरची मोड गोळा झाली. कोणी फुटकी परात दिली, कोणी चेपलेले घंगाळ दिले. टेकडीपलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, जंगलूने बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणून दिल्या. सखूआजी नावाची एक आंधळी म्हातारी होती. तिने माहेराहून आणलेला लोटा दिला. "लोट्यातून म्या एकटीच पेतो," ती म्हणाली, "गंजात गेला तं साऱ्याइच्या पोटात जाईन." कासारांनी ती मोड आटवली, पत्रा काढला आणि ठोकून ठोकून मला घडवले. माझ्या गळ्याखाली त्यांनी दोनच शब्द घातले : 'समस्त गाव'. त्या दोन शब्दांचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू!

आवळीजेवणाच्या दिवशी भल्या सकाळी बैलबंड्या जुंपल्या जात. पहिल्या बंडीत मी आणि माझ्या शेजारी सखूआजी. तिला दिसत नसे, म्हणून ती एक हात माझ्या काठावर ठेवून बसे आणि धामेचे पाणी लागले की न सांगता ओळखे. बनात पोचल्यावर बाया आवळीला सूत गुंडाळत, पोरे झाडावर चढत, म्हातारे सावली धरत. जंगलू पळसाची पाने आणून देई आणि पोरांना ओल्या वाळूत सांबराचे, सायाळीचे पाऊल दाखवी. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत. माझ्यात वरण शिजे. ढवळायला भागीरथाबाई असे. ही सखूआजीची सून, सासूला मामी म्हणणारी. नवरा गेल्यापासून गावातली लग्ने-बारशी तिच्याच हातची. हात सैल आणि जीभ कडक अशी बाई.

मित्रांनो, बनात एक नियम होता. घरून कोणी भांडे आणायचे नाही. सगळ्यांनी एकाच गंजातले खायचे. गावात ज्यांच्या विहिरी वेगळ्या, ज्यांचे पाट वेगळे, तेही त्या दिवशी माझ्याच पोटातले वरण ओरपत. पहिल्या वर्षी काहींनी नाके मुरडली होती. सखूआजी म्हणाली, "ज्याले इटाळ वाटते, त्यानं आपलं पितळ गंजातून निवडून घ्यावं आन् घरी जावं." कोण निवडणार? सगळे मुकाट्याने जेवले आणि पुढच्या वर्षी आपणहून आले.

अशी माझी चांगली वर्षे गेली. मग पुंडलिकराव आडवे आले.

पुंडलिकराव आमच्या गावाचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी सरकारने नुकतीच काढून घेतली होती, पण तोरा कोण काढून घेणार? मुलीच्या लग्नासाठी त्यांनी मला मागून नेले. लग्न आटोपले. भागीरथाबाई मला न्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "उद्या नेजो." तो उद्या उगवलाच नाही. पुढे त्यांनी आर्वीहून भांड्यांवर नावे घालणारा बोलावला. त्याने कानस घेऊन माझ्या गळ्याखालचे 'समस्त गाव' घासून काढले आणि तिथे छिन्नीने ठोकले : 'पुंडलिकराव मालगुजार'. प्रत्येक अक्षराचा घाव मला ठाऊक आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा!

नाव घातले आणि मला कुठे ठेवले? गोठ्यात! ज्याच्यात गावाचे वरण शिजले, त्याच्यात बैलांसाठी सरकीची ढेप भिजू लागली. माझ्या आतली चांदीसारखी कल्हई ढेपेने आंबून आणि बैलांच्या जिभांनी घासून पार निघाली. बैलांवर माझा राग नाही. त्यांना कुणी विचारले होते?

इकडे कार्तिक आला. गंज नाही, म्हणून बनात ज्याने त्याने आपापले भांडे नेले. भांडी वेगळी झाली तशा चुली वेगळ्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या तशा पंगती वेगळ्या झाल्या. टोल्यावरचे लोक दूर पळसाखाली बसले. जेवणे लवकर आटोपली आणि लोक न गाता घरी आले. पुढच्या कार्तिकात कोणी निघालेच नाही. सखूआजी मात्र सकाळीच लुगडे बदलून ओसरीवर बसली होती. गोठ्याची भिंत तिच्या ओसरीला लागून, म्हणून मला सारे ऐकू येई.

"भागीरथे, बंडी आली का व?"

"येऊन राह्यली, मामी. बसा."

दिवस कलेपर्यंत म्हातारी बसून राहिली. त्या थंडीतच ती गेली. जाण्याआधी तिने विचारले, "गंज आनला का?" मी भिंतीपलीकडे ढेपेत बुडालेला होतो. त्या दिवशी मी ठरवले, या माणसाला सोडायचे नाही. पण भांड्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड आहे तर जीभ नाही. मी वाट पाहत राहिलो. वाट पाहण्यात भांड्याचा हात कोणी धरू शकत नाही.

पुढे गावात पंचायतीची निवडणूक येणार असे वारे सुटले. पुंडलिकरावांना सरपंच व्हायचे होते. वर्ध्याच्या एका साहेबांना खेड्यातले वनभोजन पाहण्याची हौस आहे, असे त्यांच्या कानावर आले. झाले! त्यांनी दवंडी पिटवली : यंदा आवळीजेवण होणार, पुंडलिकरावांकडून होणार, सगळ्यांनी यायचे आणि साहेबांच्या देखत पुंडलिकरावांचे नाव घ्यायचे. साहेबांसाठी खास कढीगोळ्यांचा बेत ठरला.

मला गोठ्यातून काढले. गड्यांनी चिंच आणि राखेने मला बाहेरून असे घासले, की नाव लांबून झळकावे. तेवढ्यात कल्हईवाला श्रावण दारावरून चालला होता. त्याने माझ्यात डोकावून पाहिले.

"मालक, आतून साफ उघडा पडला. कल्हई करून देऊ का?"

"आत कोन पाह्यते?" पुंडलिकराव म्हणाले. "तू आपला रस्ता धर."

आत कोण पाहते! मित्रांनो, हे वाक्य ऐकून मला इतका हर्ष झाला, की कोणी टिचकी मारली असती तर मी घंटेसारखा वाजलो असतो. पितळेच्या उघड्या अंगाला आंबट लागले, की ते कळकते. हिरवट, तुरट होते आणि जिभेला आकडा लावते. हे घरोघरच्या पोरींना माहीत असते. पुंडलिकरावांनाही माहीत होते. पण ज्याचे सगळे लक्ष नावाच्या झळाळीवर, त्याला आतले काय सुचणार?

संध्याकाळी घरोघरचे ताक जमा झाले. भागीरथाबाईला स्वयंपाकाला बोलावले होते. तिने मातीच्या घागरी धुऊन मांडल्या होत्या.

"घागरी कायले?" पुंडलिकराव म्हणाले. "गंजातच ओत. सकाळी तसाच बंडीत चढोता येते."

"मालक, कल्हई नाई त्याले. ताक कळकन."

"तुले रांधाले बोलावलं, अक्कल शिकवाले नाई."

भागीरथाबाईने माझ्याकडे पाहिले. झिजलेल्या अक्षरांवरून, ठोकलेल्या अक्षरांवरून तिने बोट फिरवले. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं मालक. तुमी म्हनता तसं." आणि तिने ताक माझ्यात ओतले. ते रात्रभर माझ्या उघड्या अंगाशी लागून राहिले. मी त्यात काहीही हातचे राखले नाही.

सकाळी बनात पंगत मांडली. पहिल्या पंगतीला साहेब, पुंडलिकराव आणि गावातली बडी मंडळी. बाकीचा गाव मागे, दुसऱ्या पंगतीची वाट पाहत. पूर्वी अशा पहिल्या-दुसऱ्या पंगती नव्हत्या. भागीरथाबाईने जंगलूला हळूच बजावले, "पोराईले आन् म्हाताऱ्याइले मडक्यातलं वरण देजो. कढीचा थेंब नको." हळदीने कढी पिवळीधमक दिसत होती. मी मधोमध तीन दगडांवर, नाव साहेबांच्या बाजूला. तशी मला बसवण्याची पुंडलिकरावांनी स्वतः खटपट केली होती.

साहेबांनी रोडगा कुस्करला, वर कढी घेतली, घास तोंडात घातला. त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी पानाबाहेर वळून घास थुंकून टाकला. शेजारच्यांनी थुंकला. त्यांच्या शेजारच्यांनी थुंकला. एक जाडजूड गृहस्थ तर उठून थेट धामेत चुळा भरायला धावले. मागून कोणीतरी फिसकन हसले.

"भांड्याला कल्हई नाही!" साहेब कडाडले. "माणसे मारायची आहेत का? हा गंज कोणाचा?"

पुंडलिकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. सारा गाव पाहत होता. ते उभे राहिले आणि हात हलवत म्हणाले, "माहा नाई, साहेब! गावाचा हाये! हा गंज गावाचा हाये!"

"आणि हे नाव?"

"ते... ते गावानंच टाकलं. मानानं."

भागीरथाबाईने पळी खाली ठेवली आणि पदर खोचला. "काऊन गा जंगलू, ऐकलं का? मालक काय म्हनते?"

"ऐकलं, बाई. गंज गावाचा हाये म्हनते."

"मालक, पुन्हा एकडाव म्हना. मागच्याइले ऐकू नाई आलं."

साहेब पुंडलिकरावांकडे पाहत होते. माणसाला गिळलेले ओकता येते, पण एकदा ओकलेले परत गिळता येत नाही. "गावाचा हाये," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, मालक. आमची मामी आंधी होती, तिले दुरूनच ऐकाची सवय होती."

"गावाचा हाये!" ते ओरडले. आवळीवरचे पोपट उडाले.

तेवढेच हवे होते. जंगलूने माझ्या कड्यांतून लाकडाची लांब बल्ली घातली. ज्यांच्या विहिरी वेगळ्या होत्या त्यांनी दोन्ही टोके खांद्यावर घेतली आणि कढीसकट मला उचलून नेले. सगळी कढी लांब खड्ड्यात ओतली. धामेच्या वाळूने मला आतून-बाहेरून घासले. पुढच्या बाजाराला श्रावणने भाता फुंकून, नवसागर टाकून माझ्यावर अशी कल्हई चढवली, की आत पाहणाऱ्याला आपले तोंड दिसावे. सखूआजी असती, तर तिने काठावर हात ठेवून ओळखले असते.

पुढच्या कार्तिकात पुन्हा बंड्या निघाल्या. श्रावण कानस घेऊन आला होता. पुंडलिकरावांचे नाव घासून टाकू म्हणाला. भागीरथाबाईने त्याचा हात धरला.

"राहू दे. पितळ काऊन झिजवतं? नावाची बाजू चुलीच्या तोंडाकडे कर."

तेव्हापासून तीच रीत आहे. दरवर्षी चुलीच्या तोंडाची धग आणि धूर त्या नावावर घेतात. जेवणानंतर पोरी मला राखेने लखलखीत घासतात, पण तेवढी जागा सोडतात. कोणाला सांगावे लागत नाही. सरपंच दुसराच कोणी झाला. पुंडलिकराव मात्र जेवायला येतात. न येऊन करतील काय? साऱ्या गावाच्या पंगतीत बसतात आणि भागीरथाबाई त्यांना माझ्या समोरचीच जागा देते. वरण मात्र भरपूर वाढते. अन्नात सूड आणायचा नाही, असे ती म्हणते. मी तिच्याएवढा थोर नाही.

यंदा ते नातीला घेऊन आले होते. ती नुकतीच अक्षरे शिकली आहे. दिसेल ते वाचत सुटते. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "आबाजी, इथं काही लिवलं हाये. काय लिवलं?"

पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिले. मग नातीचे बोट आपल्या धोतराच्या सोग्याने पुसत ते म्हणाले, "काही नाई, बाई. काजळी हाये."

मित्रांनो, आणलेली वस्तू वेळेवर परत करा. भांड्याला कल्हई करा. चार जणांच्या पितळेवर आपले एकट्याचे नाव घालू नका. आणि घातलेच, तर एवढे लक्षात ठेवा, की चूल दर कार्तिकात पेटते आणि मी अजून पुष्कळ वर्षे टिकणार आहे.