भिंतीचं पोट

भूकंपानंतर आमच्या गावात दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांची घरं बांधायला मीच सगळ्यांना शिकवलं. लोक मला मिस्त्री म्हणू लागले आणि मी शेफारलो. माझ्या घराची पाळी आली तेव्हा तार कमी पडली. बाहेरची जाळी आतल्या जाळीला बांधून ठेवणाऱ्या आडव्या तारा मी घातल्याच नाहीत. दगड असे बसवतो की मधे सुरी जायची नाही, मग तारा कशाला? कोणाला बोललोही नाही.

आता नऊ दिवस पाऊस लागून राहिलाय आणि उत्तरेची भिंत फुगते आहे. परवा ओळंबा सोडून पाहिला तर तीन बोटं बाहेर आली होती. आज वीतभर. छपराची तुळई तिच्यावरच आहे आणि तिच्या आड माझी सून रूपकला, सहा दिवसांची बाळंतीण. पोरगा कतारला.

सकाळी माझा शेजारी, पूर्ण त्याचं नाव, छत्री सावरत आला आणि भिंतीकडे बघून हसला. मी भावंडांत चौथा, म्हणून गाव मला काइला दाइ म्हणतं.

"काइला दाइ, भिंतीला दिवस गेलेत की काय?"

"पावसात दगड बसतात जरा," मी म्हणालो. थाप मारताना जीभ अडखळली नाही, याची लाज वाटते.

दुपारी आत गेलो. माझी बायको धनकुमारी बाळाच्या उशाशी दिवा, कोरी वही आणि लेखणी मांडत होती.

"हिला गोठ्यात हलव. आत्ता."

"डोकं फिरलंय का तुमचं? अकरा दिवस बाळंतिणीने खोली सोडायची नसते. त्यात आज सहावी रात्र. भावीदेवी बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येईल, ती गोठ्यात शोधत बसेल का?"

"तोवर भिंत थांबायची नाही."

"गावभर मिरवता तीच ना ही भिंत?"

तेवढ्यात भिंतीच्या आत एक दगड कटकन तडकला. रूपकलाने बाळ छातीशी धरलं.

"आत तारा नाहीत," मी म्हणालो. "मी घातल्याच नाहीत. भावी काय लिहिणार, पोराचं नशीब मीच लिहून ठेवलंय."

धनकुमारीने हातातली लेखणी टाकली. तिने बाळ उचललं. रूपकलाला धड उभं राहता येईना, म्हणून सोयर असूनही मी तिला खांदा दिला. बिचारी लाजेने रडत होती, पण धरून चालली.

गोठ्यात म्हशीशेजारी पेंढा पसरून दिला. दिवा, वही तिकडेच राहिले. धनकुमारी बाळाला गुंडाळता गुंडाळता थांबली.

"अहो, पूर्णचं घरही तुम्हीच त्याच महिन्यात बांधलंत ना?"

"हो."

"त्यात तारा आहेत ना?"

"नाही."

वरच्या अंगाला पूर्णच्या घरात त्याची चार पोरं दंगा करत होती. पावसामुळे शाळा बंद होती. मी अनवाणीच त्या आवाजाच्या दिशेने पळत सुटलो.