परतीची तपासणी

बाप भाड्याच्या गाड्यांच्या आगारात कामाला होता. गिऱ्हाईक गाडी परत आणून लावायचं, की हा तिच्याभोवती एक फेरी मारायचा. वाकून, पत्र्यावर बोटं फिरवत, मोठ्यानं. "मागचा बंपर, ओरखडा, नवा. उजवा आरसा, तडा, जुना." गिऱ्हाइकं झाडून खोटारडी. टायवाली जास्त. 'आधीपासूनच होतं हो ते' म्हणत टेबलावर किल्ली टाकून सटकायला बघणारी. असल्यांना पकडण्यात बापाची हयात गेली आणि त्यापायीच संसारही गेला, कारण घरी आल्यावरही फेरी थांबत नसे. "भाजी, खारट. पडदा, डाग, नवा. तुझं तोंड, फुगलेलं, जुनं." बायकोनं बरीच वर्षं ऐकून घेतलं आणि मग कोर्टात जाऊन एकदाच बोलली.

आता सहा वर्षांची मुंगी आईकडे राहायची, शनिवारी दिवसभर बापाकडे. बापाला शनिवारची रात्र हवी होती. बाकी काही नको. पोरगी आपल्या घरात आडवीतिडवी झोपलेली बघावी, सकाळी पिंजारलेल्या केसांनी तिनं आपल्याशी भांडावं, एवढंच. पण स्वतःच्या पोरीची झोप बघायलाही कोर्टाची परवानगी लागते. पोरीला परत सोपवताना आईबाप कसे वागतात ते बघून कोर्टाच्या समुपदेशक बाई अहवाल देणार होत्या.

वकिलानं बजावलं होतं, "हसायचं. पोरगी सोपवायची. तोंड उघडायचं नाही. तुमचं तोंड हीच आपल्या केसची अडचण आहे."

कोर्टातल्या ज्या खोलीत पोरगी सोपवायची, तिला म्हणे बालस्नेही कक्ष म्हणतात. लोखंडी खुर्च्या, तीन पायांचा प्लॅस्टिकचा जिराफ आणि भिंतीवर दात विचकणारा सूर्य. ज्यानं ती सजवली त्याला आयुष्यात मूल भेटलेलं नसावं.

"या, माजी दाजी," आईबरोबर आलेला मुंगीचा मामा म्हणाला. हा विनोद तो दर शनिवारी ताजा म्हणून वाढायचा.

बाप हसला. मुंगीला पुढं केलं. आईनं तिला जवळ ओढलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. झालंच होतं सगळं.

आणि बापाचे पाय आपोआप वळले.

"एक मिनिट." तो मुंगीभोवती फिरला, वाकला. मुंगीनं सवयीनं हात वर केले. "गुडघा, डावा, खरचटलेला, जुना." मग त्यानं स्वतःच तिच्या स्वेटरची बाही वर सारली. "कोपर, उजवं, सोललंय. नवं. माझ्याकडे झालंय. सायकल शिकवताना मागून धरलेला हात सोडला. जरा लवकरच सोडला."

बाईंच्या पेनाचं टोपण पुन्हा निघालं.

"बाहीच्या आत होतं," बाई म्हणाल्या. "कुणाला दिसलंही नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं!" मामा उठलाच. "दिवसाढवळ्या ही गत, तर रात्री काय गच्चीवरून सोडणार पोरीला? लिहा बाई, लिहा!"

शनिवारची रात्र गेली. आपल्याच हातानं घालवली.

"तू गप रे," आई भावावर खेकसली. तिनं कोपर उजेडाकडे धरून पाहिलं. मलम नीट लावलेलं होतं. मग ती बाईंकडे वळली.

"याच तोंडापायी मी घर सोडलं. माझ्या बहिणीच्या लग्नात हा नवरदेवाकडच्यांना सांगत सुटला, नवरी तापट आहे, जुनं आहे म्हणून! याच्याबरोबर मी पुन्हा एक जेवणसुद्धा जेवणार नाही. पण पोरगी याच्याकडे पडली, तर मला बाह्या वर करून हुडकत बसावं लागणार नाही. हा माझा सख्खा भाऊ. परवा हिला फिरवून आणली, कपाळावर एवढं टेंगूळ. विचारलं तर म्हणतो, डास चावला."

मामा जिराफाचं निरीक्षण करू लागला.

"म्हणजे रात्रीला तुमची हरकत नाही?" बाईंनी विचारलं.

"हरकती शंभर आहेत. राहू दे शनिवारची रात्र."

बापाचे डोळे भरून आले. तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," आई म्हणाली. "माझं मत अजून बदलू शकतं."

तोंड मिटलं.

"पप्पा, पण रात्री घोरायचं नाही हं," मुंगी म्हणाली.

बापानं आईकडं पाहिलं, मग बाईंच्या पेनाकडं.

"घोरणार," तो म्हणाला. "भयंकर घोरतो मी. विचार आईला."

"भांडी वाजतात फळीवरची," आई म्हणाली, आणि बाईंनी तेही लिहून घेतलं.