धुलाईघरातले तीन फोटो

फोटोवालीला खरं वेड लागलं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. त्याआधी ती फुलं, मांजरं आणि मैत्रिणी यांचे फोटो काढायची आणि घरीदारी वाहवा मिळवायची. मग फोटोग्राफीच्या एका तासाला सरांनी वर्गात अंधार करून खाणकामगारांचे जुने फोटो पडद्यावर दाखवले. कोळशाने माखलेली तोंडं आणि त्यातून रोखून बघणारे डोळे. सर म्हणाले, "हे छापून आलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या घराची ऊब कोण खणून काढतं." दिवे लागले, मुलं चहाला पळाली, ही मात्र बाकावरच बसून राहिली. त्या दिवसापासून मांजरांना कायमची सुट्टी मिळाली.

पुढे कॅमेऱ्याशिवाय तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. कुणी गटारात उतरतंय, कुणी पाठीवर पोती वाहतंय, की ही तिथे हजर. आई कावून म्हणायची, "या घरातही एक बाई पहाटेपासून राबते. तिचा नंबर कधी लागायचा?"

"तू लगेच केस नीट करतेस गं," ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मावशीला गाठलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती एकोणीस वर्षं कामाला होती. तळघरातली लांबलचक खोली, एका टोकाला धडधडणारी यंत्रं, दुसऱ्या टोकाला वाफाळत्या इस्त्र्या, आणि मधे एक मोठं टेबल. वरच्या सगळ्या वॉर्डांतल्या मळक्या चादरी आधी त्या टेबलावर येत. त्या उलगडून, झटकून, वेगळ्या करायचं काम मावशीचं. सुपरवायझर कॅमेरा बघून नाक मुरडायला लागला, तेव्हा मावशीच मधे पडली. "माझी भाची आहे. कुणाच्या पायात येणार नाही. काही झालं तर मला विचारा."

फोटोवाली हे नाव तिला तिथेच पडलं. पहिले चार दिवस वाफेने कॅमेऱ्याचं भिंग धूसर व्हायचं आणि ब्लीचने डोळ्यांतून पाणी यायचं. इस्त्रीवरची बडबडी बाई म्हणायची, "काम आम्ही करतो आणि रडते ही!" पण पोरगी चिवट होती. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी यायची, सगळ्यांबरोबर डबा खायची, कुणाच्या घरी काय चाललंय ते लक्षात ठेवायची. आठवड्याभरात बायका तिला विसरल्या, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

चादरींच्या घड्यांत काय काय सापडतं, ते मावशीने तिला सांगितलं होतं. चष्मे, कवळ्या, एकदा तर लग्नाची अंगठी. आणि सुया. वरच्या मजल्यावर कुणीतरी घाईत टोचलेली सुई पलंगावरच टाकतं, आणि ती चादरीबरोबर खाली येते. हातमोजे मिळत, पण असे पातळ, की तासाभरात चिंध्या. सुपरवायझरला किती वेळा सांगितलं, तो वहीत लिहून घेई आणि वही मिटून टाकी. बडबडी आधी याच टेबलावर होती, तिला दोनदा सुई टोचली होती, मावशीला एकदाही नाही.

"माझ्या बोटांना डोळे आहेत," मावशी म्हणायची.

फोटोवालीने ही गोष्ट सरांना सांगितली. सर म्हणाले, "मग तोच तुझा फोटो. सुई आणि हात. तो मिळाला तर बाकीच्यांची गरज नाही."

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून टेबलापाशी उभी राहायला लागली. सोळाव्या दिवशी, सकाळच्या पाळीत, चादरींच्या ढिगावर भिंग रोखलेलं असताना तिला एका घडीतून काहीतरी चमकताना दिसलं. तिने फोटो घेतला. मावशीचा हात अजून लांब होता, ती बडबडीशी बोलत होती. मग हात त्या चादरीकडे वळला. तिने दुसरा घेतला. मग मावशीने चादर मुठीत धरली, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तो तिसरा.

त्यानंतर मात्र तिने कॅमेरा टेबलावर जवळपास फेकलाच. मावशीचा हात नळाखाली धरला, तिला जिन्याने वर नेलं, डॉक्टरांना शोधून काढलं, अर्ज भरले. कुणाची सुई, कुठल्या आजाराच्या माणसाची, काहीच कळायला मार्ग नव्हता. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या, आणि सहा महिने रक्ताच्या तपासण्या. गोळ्यांनी मावशीच्या पोटात अन्न ठरेना. फोटोवाली रोज तिच्या घरी जायची, स्वयंपाक करायची, डोकं चेपून द्यायची. मावशी येईल त्याला सांगायची, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं हिनं केलं." ते ऐकलं की फोटोवाली उठून आतल्या खोलीत जायची.

तिने स्वतःला समजावलं होतं. सगळं क्षणात घडलं. डोळ्याला दिसतं ते मेंदूला कळायला वेळ लागतो. हात सवयीने चालतात.

कॉलेजात प्रकल्पांच्या प्रदर्शनाची आणि त्यातल्या स्पर्धेची तयारी सुरू झाली तेव्हा तिने फक्त तिसरा फोटो पुढे केला. सरांनी आधीचे दोन बघितले आणि खुर्चीतून उठलेच. "हे दडवून काय ठेवतेस? एकटा तिसरा म्हणजे नुसता अपघात. तिन्ही शेजारी लावले की माणसाचा श्वास अडकतो." तिने मान डोलावली. नाही म्हणता आलं असतं. पण सर खरं बोलत होते, आणि तिला तो पहिला नंबर हवा होता. मावशीला कुठे कळणार आहे, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

पहिला नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर धुलाईघरातल्या बायका प्रदर्शन बघायला आल्या. स्वतःला भिंतीवर बघून लाजल्या, एकमेकींना चिमटे काढले. "माझी पाठ केवढी आलीय बघ! दाराएवढी!" बडबडी ओरडली. मावशी त्या तीन फोटोंपुढे थांबली. डावीकडून उजवीकडे गेली, आणि परत पहिल्याशी आली. तिने बोट काचेला टेकवलं, नेमकं जिथे सुई चमकत होती तिथे.

"ही तुला दिसली होती," ती म्हणाली.

मग तिने तेच बोट तिसऱ्या फोटोकडे नेलं.

"याच्यात आणि त्याच्यात वेळ किती?"

खोटं बोलता आलं असतं. पण कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ नोंदलेली असते, आणि तिने ती पहिल्याच रात्री बघितली होती. नंतरही कितीदा तरी.

"चार सेकंद."

मावशीने मनाशी मोजल्यासारखे ओठ हलवले. "आणि 'मावशी' म्हणायला किती लागतात?"

बायकांची हसण्याची खसखस थांबली. बडबडी एका फोटोकडून दुसऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्याही ध्यानात आलं. तिने मावशीचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं. बाकीच्या मागोमाग गेल्या. एकीने जाता जाता वळून बघितलं, आणि फोटोवालीच्या मनात आलं की या चेहऱ्यावर आत्ता प्रकाश फार सुंदर पडलाय. मग स्वतःचीच शिसारी येऊन ती तिथेच खाली बसली.

फोटो वर्तमानपत्रात छापून आले. हॉस्पिटलने बोलणी खाल्ली, सुपरवायझर बदलला, जाड हातमोजे आले. ते फाटल्यावर पुन्हा पातळ आले. धुलाईघरात कॅमेऱ्याला बंदी झाली. मावशीला कुणी काढलं नाही, पण भाचीला आत आणल्याबद्दल तिच्याकडून लेखी माफी मात्र घेतली.

सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट आला. आईने सांगितलं, "सुटली गं बाई!" फोटोवाली तशीच मावशीच्या घरी गेली. मावशीने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. रिपोर्टही दाखवला.

"मावशी, मी त्या दिवशी..."

"माफी मागायची असेल तर नको," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी माफ केलं की तुला बरं वाटेल. आणि तुला बरं वाटावं, असं मला अजून वाटत नाही. वाटलं की सांगेन." मग ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही. फोटोवालीने पेला विसळून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

त्याच महिन्यात सरांच्या चिठ्ठीवर तिला एका वर्तमानपत्रात नोकरी लागली. संपादकांना ते तीन फोटो पाठ होते. तिने दोन दिवस विचार केला, आणि होकार कळवला. कारण दुसरं काही करावंसं तिला वाटतच नव्हतं, त्या चार सेकंदांतही वाटलं नव्हतं.

"मावशीला कळवू?" आईने विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि भिंग पुसायला लागली.